घर फसवतं, दार ओळख देतं: संग्रहालयातल्या बरणीतलं बार्नेकल कसं ओळखतात

संग्रहालयाच्या मागच्या खोल्यांत, जिथे प्रेक्षक जात नाहीत, तिथल्या कपाटात अशी एखादी बरणी हमखास सापडते. आत पिवळट पडलेलं अल्कोहोल, तळाशी दगडाचा तुकडा, त्याला चिकटलेले पाच-सहा पांढुरके बुटके सुळके आणि प्रत्येकाच्या टोकाला एक भोक. चिठ्ठीवर शाईने 'बॅलनस' एवढंच लिहिलेलं आणि पुढे प्रजातीच्या नावाची जागा कोरी. ज्याने बरणी भरली त्याला घराणं ओळखता आलं होतं, नाव नाही. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेली अशी बरणी पुढे पन्नास-शंभर वर्षं तशीच राहते. त्या कोऱ्या जागेत नाव कसं येतं, हे मला सांगायचं आहे. हे काम फार सुंदर आहे आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

आधी हा प्राणी कोण ते बघू. बार्नेकल पाहिलं की शिंपल्याची आठवण येते. लिनियसनेही त्यांना शिंपल्या-गोगलगायींच्याच पंगतीला बसवलं होतं. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे नेमणुकीवर असलेले लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी समुद्राच्या पाण्यातून बारीक जाळीने गाळलेले पोहणारे जीव काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांत ते भांड्याला चिकटले आणि त्यांची बार्नेकल्स झाली. १८३० साली थॉम्पसन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि बार्नेकल हा खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद असल्याचं उघड झालं. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्यात तरंगतं, खातं, कात टाकतं. शेवटच्या अवस्थेत ते खाणंच सोडून देतं आणि फक्त जागा शोधत फिरतं. जागा पसंत पडली की डोक्याकडचा भाग सिमेंटसारख्या द्रवाने कायमचा चिकटवतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि उरलेलं आयुष्य उलटं राहून पायांनी पाणी विंचरत अन्न गोळा करतं. आज परजीवी भाऊबंद धरून या गटात २,००० हून थोड्या जास्त प्रजाती मोजल्या जातात.

आता बरणीकडे वळू. पहिल्या नजरेत दिसतं ते घर, म्हणजे बाहेरची भिंत. ती अखंड नसते, चुन्याच्या पट्टिका कडेला कडा लावून उभ्या केलेल्या असतात. बॅलनसच्या घराण्यात सहा पट्टिका, टेट्राक्लिटा नावाच्या वंशात चार, काही थोड्या वंशांत आठ. जुन्या, झिजलेल्या नमुन्यात पट्टिकांमधले सांधे बाहेरून पुसट होतात, म्हणून ते आतून मोजायचे. पुढची खूण म्हणजे कोणती पट्टिका कोणावर चढली आहे. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर कसं बसतं ते आठवा. बॅलनसमध्ये रॉस्ट्रम नावाच्या टोकाच्या पट्टिकेच्या कडा शेजारणींच्या वर असतात. थॅमॅलस नावाच्या वंशात त्याच कडा शेजारणींच्या खाली जातात. एवढं एक बघितलं तरी दोन घराणी वेगळी होतात.

तळही बघायचा. काहींचा तळ चुन्याचा असतो. असं बार्नेकल खरवडून काढलं तर दगडावर पांढरी गोल चकती मागे राहते. काहींचा तळ पातळ पापुद्र्याचा असतो आणि मागे काहीच राहत नाही. म्हणून जाणता संग्राहक नुसतं बार्नेकल सोलून आणत नाही, छिन्नीने दगडाची कपचीही काढून आणतो. भिंत आडवी कापली तर आणखी माहिती मिळते: ती भरीव आहे, तिच्यात नळ्यांची एक रांग आहे, की टेट्राक्लिटासारखी ती मधमाशांच्या पोळ्यागत नळ्यांनी गच्च भरलेली आहे?

इथपर्यंत घर आपल्याला वंशाच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडतं. प्रजाती ओळखायची वेळ आली की तेच घर फसवायला लागतं.

कारण साधं आहे. बार्नेकल जागा बदलू शकत नाही, त्यामुळे जागाच त्याला बदलते. मोकळ्यावर वाढलेलं बसकट, पसरट होतं. दाटीत वाढलेलं शेजाऱ्यांच्या रेट्याने उंच आणि नळकांड्यासारखं होतं. लाटांच्या माऱ्यात कंगोरे झिजून भिंत गुळगुळीत होते. कंगोऱ्यांच्या शिंपल्यावर बसलेलं बार्नेकल त्या शिंपल्याचेच कंगोरे स्वतःच्या भिंतीवर उमटवतं. आणि मला सगळ्यात चकित करणारं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या आखातातलं आहे. तिथल्या थॅमॅलस ॲनिसोपोमा या प्रजातीत दोन आकार दिसतात: एक नेहमीचा सरळ सुळका, दुसरा कुबड आल्यासारखा वाकलेला, तोंड जमिनीला काटकोनात. कर्टिस लाइव्हली यांनी १९८६ साली दाखवून दिलं की जवळपास एक विशिष्ट शिकारी गोगलगाय वावरत असेल तर वाढीच्या वयातली बार्नेकल्स वाकडी वाढतात, कारण वाकड्या घराचं तोंड तिला सहजी फोडता येत नाही. प्रजाती एकच, फक्त वाढताना शेजार वेगळा मिळाला. हे दोन आकार कोणी वेगवेगळ्या बरण्यांत भरून ठेवले असते, तर घराकडे बघून दोन नावं देण्याचा मोह कोणालाही झाला असता.

म्हणून तज्ज्ञ दाराकडे जातो. सुळक्याच्या टोकाच्या भोकात चार झडपा असतात, दोन स्क्युटम आणि दोन टर्गम. ओहोटीला त्या घट्ट मिटतात आणि आतला ओलावा टिकवतात, भरतीला उघडतात. झडप नीट मिटली नाही तर प्राणी सुकून मरतो, त्यामुळे तिची घडण जागेच्या लहरीप्रमाणे फारशी बदलत नाही. बाहेरून चारही झडपा साध्या त्रिकोणी चिपांसारख्या दिसतात. ओळखीच्या खुणा त्यांच्या आतल्या बाजूला असतात, आणि तिथे पोचायचं तर दार उचकटावं लागतं.

ते कसं करतात ते जरा जवळून बघा. आधी नमुन्याचा सगळ्या बाजूंनी फोटो, कारण नंतर तो पूर्वीसारखा राहणार नाही. मग तो उथळ बशीत, अल्कोहोलमध्येच, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. झडपा आणि भिंत यांच्यामध्ये एक लवचीक पापुद्रा असतो. अणकुचीदार सुईने तो कडेकडेने सोडवत जायचं, हात टेकवून आणि श्वास आवरून. पूर्ण फेरा झाला की चिमट्याने झडपा हलकेच उचलायच्या. खाली लोंबकळत सगळा प्राणी बाहेर येतो, पायांची गुंडाळी करून बसलेला. झडपा वेगळ्या करून पातळ केलेल्या ब्लीचमध्ये टाकायच्या. मांसाच्या चिंध्यांभोवती बारीक बुडबुडे येतात, हळूहळू चुन्याचा स्वच्छ पृष्ठभाग उघडा पडतो. इथे घड्याळावरची नजर हलवायची नाही. द्रावण तीव्र असलं किंवा वेळ जास्त झाला तर ज्या नाजूक कडांसाठी हा खटाटोप केला त्याच कडा जातात. मग पाण्यात धुऊन, वाळवून, काळ्या कागदावर आतली बाजू वर करून ठेवायच्या आणि दिवा तिरपा धरायचा.

आणि मग दिसायला लागतं. स्क्युटमच्या आत एक खळगा, जिथे दार ओढून धरणारा स्नायू चिकटलेला होता. त्याच्या शेजारी एक कणा, कधी ठसठशीत, कधी जेमतेम. टर्गमला खाली उतरलेला एक पाय असतो, त्याला स्पर म्हणतात. तो रुंद आहे की अरुंद, टोकाला गोल की तिरका कापल्यासारखा, झडपेच्या कोपऱ्यापासून किती दूर? त्याच्या बाजूला स्नायूंसाठी कोरलेल्या बारीक चिरा किती? ही सगळी पाहणी नखापेक्षा लहान चिपेवर चाललेली असते, आणि दोन प्रजातींमधला फरक कधी कधी अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सुक्या रिकाम्या घरांच्या नमुन्यांत झडपा गळून हरवलेल्या असतात, तेव्हा तज्ज्ञाचा चेहरा का पडतो ते यावरून कळेल. दार नसलेल्या घराचं प्रजातीपर्यंतचं नाव सांगणं बहुतेक वेळा शक्यच होत नाही.

मऊ शरीराचंही काम करायचं असतं. पिसांसारख्या पायांच्या सहा जोड्या एका बाजूने एकेक सोडवून काचपट्टीवर मांडतात. दुसरी बाजू पुढच्या अभ्यासकासाठी अखंड ठेवतात. ही जुनी शिस्त मला फार मोलाची वाटते. पायांवरचे केस साधे, पिसासारखे की करवतीच्या दात्यांचे, वरच्या ओठाच्या खाचेत दात किती, जबड्याच्या खालच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत का, हे टिपतात. पायांच्या लांबीवर मात्र भिस्त ठेवायची नाही. शांत पाण्यात वाढलेल्यांचे पाय लांब आणि बारीक होतात, लाटांत वाढलेल्यांचे आखूड आणि दणकट. म्हणजे जागा शरीरातही हात घालते.

या सगळ्या पद्धतीवर ज्याची छाप आहे तो माणूस चार्ल्स डार्विन. जानेवारी १८३५ मध्ये चिलीच्या चोनोस द्वीपसमूहात त्याला एका शंखाच्या कवचात भोकं पाडून राहणारा टाचणीच्या डोक्याएवढा जीव मिळाला. तो बार्नेकलच होता, पण त्याला स्वतःचं घरच नव्हतं. १८४६ साली त्याचं नीट वर्णन करायला डार्विन बसला आणि ताडून बघण्यासाठी दुसरी बार्नेकल्स उघडू लागला. ते काम आठ वर्षं चाललं. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी तिथला संग्रह त्याला घरी अभ्यासायला मिळवून दिला, देशोदेशीच्या संग्राहकांनी खोकी पाठवली. इब्ला नावाच्या बार्नेकलमध्ये त्याला आत चिकटलेले सूक्ष्म जीव दिसले. ते परजीवी असावेत असं आधी वाटलं, नीट पाहिल्यावर ते त्याच प्रजातीचे नर निघाले. १८५१ ते १८५४ च्या दरम्यान जिवंत आणि जीवाश्म बार्नेकल्सवरचे त्याचे ग्रंथ निघाले आणि आजही कोणी नवी बरणी उघडली की ते उघडावेच लागतात.

पण डार्विनच्या ग्रंथात एक गाठही आहे. बॅलनस ॲम्फिट्राइट ही प्रजाती त्याने १८५४ मध्ये वर्णन केली आणि तिच्याखाली नऊ उपप्रकार मांडले. १९६२ साली ब्रिटिश म्युझियमच्या जे. पी. हार्डिंग यांनी डार्विनचे तेच नमुने पुन्हा काढून झडपा तपासल्या. त्या उपप्रकारांपैकी कित्येक आज स्वतंत्र प्रजाती मानल्या जातात. वरून २००४ साली या मंडळींचा वंशच बदलून ॲम्फिबॅलनस झाला. आता विचार करा, १९०० सालच्या बरणीवर 'बॅलनस ॲम्फिट्राइट' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काय? आजच्या हिशेबाने आत तीन-चार वेगळ्या प्रजातींपैकी कोणतीही असू शकते. चिठ्ठीवरचं नाव ज्या वर्षी लिहिलं त्या वर्षाच्या समजुतीनुसार वाचावं लागतं.

अशा वेळी निवाडा होतो तो प्रकार-नमुन्याने. प्राण्याचं नाव हे नियमाप्रमाणे वर्णनाला बांधलेलं नसतं, एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं. नवी प्रजाती जाहीर करणारा तो नमुना नेमून देतो, त्याला होलोटाइप म्हणतात. जुन्या लेखकांनी असा एक नमुना नेमला नसेल, तर त्यांनी हाताळलेल्यांतून पुढचा अभ्यासक एक निवडतो. आपल्या बरणीतल्या टर्गमचा स्पर आणि त्या नमुन्याचा स्पर जुळला तर नाव मिळालं. नाही जुळला तर जुनी विसरलेली नावं धुंडाळायची, कारण १७५८ नंतर (प्राण्यांच्या नावांची सुरुवात याच वर्षापासून धरतात) नियमाने दिलेल्या नावांत जे सर्वांत आधीचं तेच सहसा चालतं. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी याच प्राण्याला नाव देऊन ठेवलेलं असणं आणि नंतरच्यांनी ते दुसऱ्या नावाखाली गाडून टाकलेलं असणं नेहमीचं आहे. सगळं धुंडाळूनही काही जुळलं नाही, तरच 'नवी प्रजाती' हा शब्द उच्चारायचा.

नमुने असतात, पण ते तेच आहेत हे कशावरून? डार्विनने १८५४ साली कोपनहेगनचे प्राणिशास्त्रज्ञ जापेटस स्टीनस्ट्रुप यांना कृतज्ञतेपोटी बार्नेकल्सची भेट पाठवली होती. ते नमुने संग्रहात विखुरले आणि विस्मृतीत गेले. अलीकडे पाठवणीची यादी हाती आली. तिच्यात ७७ नोंदी होत्या, आणि तिच्या आधाराने ५५ नमुने पुन्हा सापडले. ती बार्नेकल्स मधल्या काळात कुठे गेली नव्हती, फक्त कागद आणि बरणी यांची ताटातूट झाली होती.

चिठ्ठीवरच्या गावाचंही असंच. बार्नेकल्स जहाजांच्या तळाला चिकटून जगभर फिरतात. कोणी जहाज खरवडून नमुना घेतला आणि चिठ्ठीवर फक्त बंदराचं नाव लिहिलं, तर तो प्राणी त्या बंदरात राहत होता असं नकाशावर नोंदलं जातं. कधी मात्र तो खरोखरच उतरून राहतो. ऑस्ट्रोमिनियस मॉडेस्टस ही प्रजाती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची, डार्विननेच नाव दिलेली. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर येऊन ठेपली. तिथल्या नेहमीच्या बार्नेकल्सना सहा पट्टिका, हिला चार. ज्याने पट्टिका मोजल्या त्याला ती वेगळी दिसली.

उलट, कोणी न मोजल्यामुळे डोळ्यांदेखत लपून राहिलेलीही आहेत. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या थॅमॅलस स्टेलॅटसमध्ये खरं तर दोन प्रजाती मिसळलेल्या होत्या. १९७६ मध्ये ॲलन साउथवर्ड यांनी त्या वेगळ्या केल्या आणि दुसरीला थॅमॅलस मॉन्टॅग्वी हे नाव दिलं. हिच्या दाराची चौकट पतंगासारखी टोकदार, पहिलीची गोलसर. ज्या किनाऱ्यांवर पिढ्यानुपिढ्या अभ्यासक वाकून बघत होते तिथली ही गोष्ट आहे.

नेमकं उलटं चेलोनिबिया या बार्नेकल-वंशाच्या बाबतीत झालं. कासवांवर राहणारी एक प्रजाती, खेकड्यांवरची दुसरी, मॅनेटी या सागरी सस्तन प्राण्यावरची तिसरी, अशी तीन नावं रुळली होती. भिंतींची जाडी आणि ठेवण वेगळी होतीच. २०१३ च्या सुमारास डीएनए तपासले तेव्हा एकाच समुद्रातली ही तिन्ही सरमिसळ निघाली. खरा फरक महासागरांनुसार होता, यजमानांनुसार नव्हता. खेकडा कात टाकतो तेव्हा वरच्या बार्नेकलचा मुक्काम संपतो, कासवावर तो दीर्घकाळ टिकतो, आणि घर त्याप्रमाणे घडतं. पुन्हा घरानेच फसवलं होतं.

मग सरळ डीएनएच का बघू नये? बघतात, पण जुन्या बरणीत अडचण असते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातले डीएनएचे धागे एकमेकांत आणि प्रथिनांत गुंततात, तुटतात. शिवाय फॉर्मॅलिन काळानुसार आम्ल होत जातं आणि चुना खातं, म्हणजे झडपाही जातात. हाताला लागतात ते बहुधा छोटे तुकडे, तेही नशिबाने. म्हणून अनेकदा प्रकार-नमुना जिथून आणला होता त्याच किनाऱ्यावर जाऊन ताजा नमुना आणतात, त्याच्या झडपा जुन्या झडपांशी ताडतात आणि डीएनए ताज्याचं वाचतात. प्रकार-नमुना उघडायची परवानगी नसेल तर सूक्ष्म सीटी स्कॅनने तो न फोडता आतून पाहता येतो. माझ्या मते गेल्या काही दशकांत या कामाला मिळालेलं हे सर्वांत मोठं वरदान आहे.

एक गोष्ट राहिली. फारशी माहीत नसलेली बार्नेकल्स पुष्कळदा 'बार्नेकल' असं लिहिलेल्या कपाटात नसतातच. डॉल्फिनच्या परांच्या कडेला लोंबणारं झेनोबॅलनस, भिंतीऐवजी देठावर लटकणारी जी बार्नेकल्स असतात, त्यांच्यासारखं दिसतं. देठाच्या बुडाशी कातडीत रुतलेली चांदणी शोधली तर ती सहा पट्टिकांची निघते, म्हणजे घराणं भिंतवाल्यांचं. ॲनेलास्मा तर खोल पाण्यातल्या लहान शार्कच्या मांसात मुळांसारखे तंतू रोवून तिच्यावरच पोसतं. त्याला चुन्याचं काही नाही, पायांवर केस नाहीत, दारही नाही. असे जीव शोधायचे तर माशांच्या बरण्या, कासवांच्या पाठी आणि देवमाशांच्या कातडीचे तुकडे तपासावे लागतात. यजमान नोंदलेला असतो, पाहुणा नोंदलेला नसतो.

शेवटी नाव ठरतं. झडपा एका इवल्या काचनळीत जातात, काचपट्ट्यांवर क्रमांक पडतो, दगडाची कपची पुन्हा अल्कोहोलमध्ये उतरते. नव्या चिठ्ठीवर प्रजाती, ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहिलं जातं. जुनी कोरी जागा असलेली चिठ्ठी काढून टाकत नाहीत. ती नव्या चिठ्ठीच्या शेजारी, त्याच बरणीत, अक्षरं बाहेर दिसतील अशी ठेवतात.